एकोणीस गुंठे

पादऱ्याच्या पुढे, हरणपुऱ्यात
टेप आणि खुंट्या घेऊन मी उतरलो तेव्हा
सरपंच जोत्स्नाबेन म्हणाल्या,
मोहितेसाहेब, आधी बाग काढून द्या कागदावर.
जमिनीचं मग बघू.

असं करत नाहीत. आधी जमीन, मग नकाशा,
हेच सांगत आलो बडोद्याच्या कचेरीत तीस वर्षं.
पण बशीत ओतलेला चहा पुढे आला होता
आणि शाळेच्या ओट्यावर अर्धा गाव.

एकजण म्हणाला, झोपाळा.
दुसरा म्हणाला, दोन घाला, भांडणं मलाच सोडवावी लागतात.
पोरांना क्रिकेट,
पोरींना पोरं नसलेला एक कोपरा,
दूधमंडळीच्या मंत्र्याला कारंजं.
नळाला पाणी एक दिवसाआड येतं
हे त्याला कुणी आठवून दिलं नाही.
मागे शनीबेन कपाशीची बोंडं फोडत बसलेली.
मान वर न करता म्हणाली,
बाकडं ठेवा एक.
त्यावर बसून काही निवडायचं नाही, काही फोडायचं नाही.
सगळे हसले.
मी बाकडं काढलं. दोनशेला एक या प्रमाणात
ते तांदळाच्या दाण्याएवढं होतं.

जागा म्हणजे चतुरभाईंची तंबाखूची जुनी खळी.
पंचवीस वर्षांत तिथे एक पान वाळलेलं नाही,
तरी टेप धरणारा पोरगा अकरा वेळा शिंकला.
मी मोजल्या. मोजणं हाच माझा धंदा.

सातबाऱ्यावर दोन नावं.
जशभाई लेस्टरला; फोनवर म्हणाले, घ्या, पण पाटी लावा.
विनुभाई आणंदला; म्हणाले, घ्या,
पण पाटीवर आधी मी.
झालंच होतं काम.
तेवढ्यात तलाट्यानं चष्मा पुसत विचारलं,
आणि डाहीबेन?

डाहीबेन मांजलपूरला, लिफ्ट नसलेल्या घरात,
तिसऱ्या मजल्यावर.
बाप गेल्यावर वारसनोंदीत
तिचं नाव राहून गेलं होतं,
बसमध्ये छत्री राहते तसं.
आम्हाला पाणी दिलं, म्हणाली, देते की.
सरपंचांनी कागद पुढे केला.
तिनं वाचला. घडी घातली. परत दिला.
यात मी आहे कुठे, द्यायला?
आधी लिहा. मग काढा.

जोत्स्नाबेन म्हणाल्या, वेळ जाईल, बेन.
ती म्हणाली, माझा गेलाय.

फेरफार, नोटीस, तीस दिवस.
मार्च संपला, निधी परत गेला,
त्यात कारंजं वाहून गेलं.
जशभाईंचा फोन आला, रागाचा.
मग पुन्हा आला, नुसताच.

नोंद मंजूर झाली त्या गुरुवारी
डाहीबेन रिक्षानं आली. साडी, पायात पोराचे बूट.
उतारा हातात धरून
हद्दीच्या कडेकडेनं चालली.
पुढे मी, खुंट्या दाखवत.
ईशान्येच्या कोपऱ्यात थांबली.
इथे बाया चाळायच्या, पदर नाकाला बांधून.
शिंकलं की बापू रोज कापायचे.

अर्धा, शनीबेन म्हणाली.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.
तलाट्यानं बक्षीसपत्र काढलं, पेन काढलं.
डाहीबेन म्हणाली, आज नाही. सोमवारी.

शुक्रवार, शनिवार, रविवार
एकोणीस गुंठ्यांत तिचा तिसरा हिस्सा होता.
तिनं तिथे काही केलं नाही.
एकदा आली म्हणतात, संध्याकाळी,
कुलूप बघून गेली.

सोमवारी सही झाली, दहा वाजून वीस मिनिटांनी.

बाकडं आता ईशान्येला आहे, नकाशात.
तोंड कुठे करायचं, शेताकडे की रस्त्याकडे,
मी शनीबेनला विचारलं.
म्हणाली, बसून बघते, मग सांगते.
पाटीचं ठरलेलं नाही.
कडुलिंब लावलेत सात.
एक बकरीनं खाल्ला. सहा.